विमानाला केळं कमी पडलं

विमानाचं वायरिंग मी आयुष्यात एकदाच केलं आणि ते विमान आजतागायत पडलेलं नाही. (ते कधी उडालंच नाही, हा भाग वेगळा!)

साल २००९. दुबईतल्या एका कन्स्ट्रक्शन कंपनीत मी इमारतींचं वायरिंग बघणारा इंजिनियर होतो, आणि मंदीमुळे इमारती बांधायचंच सगळीकडे थांबलं होतं. ऑफिसात अधूनमधून कुणाच्या तरी टेबलावर एचआरचा फोन वाजायचा आणि संध्याकाळी ते टेबल रिकामं दिसायचं. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की शारजातलं अल मजाजचं घर, मुलीची शाळा, सगळं गुंडाळून थेट डोंबिवली! माझा फोन वाजला की मी ताडकन उभा राहायचो. एकदा तर राँग नंबरशीसुद्धा मी उभा राहून बोललो.

अशात कळलं की आमचे साहेब, लेबनानचे नबील साहेब, अल क्वोजमधल्या एका गोदामात स्वतःच्या हातांनी दोन सीटचं विमान बांधताहेत. सुटे भाग परदेशातून मागवायचे आणि आपले आपण जोडायचे, असा तो छंद. लिफ्टमध्ये ते सहज म्हणाले, "बॉडी झाली. आता फक्त वायरिंग राहिलंय."

"सर, मला येतं वायरिंग!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"विमानाचं?"

"सर, वायर ती वायर."

घरी आल्यावर मेधाने, म्हणजे माझ्या बायकोने, कपाळाला हात लावला. "अरे, तू बसवलेला गीझर लावला की दाराची बेल वाजायची!"

"साहेबाचं विमान अर्धवट आहे तोवर साहेब मला काढणार नाही. कळलं?"

हे मात्र तिला पटलं. (जास्तीची खबरदारी म्हणून मी प्रत्येक वायरला मराठीत चिठ्ठी लावली: 'डावा दिवा', 'पंप', 'हिला हात लावू नये'. मला काढलं तर वाचणार कोण?)

वायरिंग जमलं. धास्ती होती ती हवेच्या नळीची. पंखाखालून करंगळीएवढी एक नळी पुढे आलेली असते. समोरचा वारा तिच्या तोंडातून आत शिरतो, प्लास्टिकच्या लांब नळीतून कॉकपिटमधल्या घड्याळापर्यंत पोचतो आणि तिथला काटा विमानाचा वेग दाखवतो. नळी तुंबली की काटा ढिम्म, आणि आपण उडतोय की पडतोय हे उडवणाऱ्याला कळायचं नाही. आता साहेबच पडले तर माझी नोकरी वाचवणार कोण? त्या नळीजवळ मी कुणाला शिंकूसुद्धा देत नव्हतो.

शनिवारी साहेब स्वतः नळी तपासणार होते. शुक्रवारी सकाळी मेधा म्हणाली, "दसरा आलाय. विमानाची पूजा झालीच पाहिजे." दसरा खरं तर सोमवारी होता, पण इथे आमचे सगळे सण सुट्टी बघून येतात. झेंडू, हळदकुंकू, नारळ घेऊन मी, मेधा आणि आमची सानिका गोदामात पोचलो. आत उकाडा असा, की बोटावरचं कुंकू ओघळत होतं.

"अगरबत्ती कशात खोचू?" मी विचारलं.

"पिशवीत केळं आहे बघ."

पिशवीत केळ्याची साल होती.

"आय वॉज हंग्री, बाबा," सानिका म्हणाली.

"यल्ला, आटप आता! खोच कुठेतरी!" मेधा ओरडली.

मराठी माणसाच्या हातात पेटलेली अगरबत्ती दिली की त्याचे डोळे फक्त भोक शोधतात. मलाही नेमकं समोरच दिसलं. काय माप! जणू त्यासाठीच केलेलं. खोचली, घट्ट बसली. मी डोळे मिटून देवाकडे नोकरी मागितली. निघताना काडी ओढली, तर अर्धीच हातात आली. उरलेली जळून गेली असेल, असं म्हणून मी गोदामाला कुलूप लावलं.

शनिवारी साहेबांनी कौतुकाने मेधा आणि सानिकालाही बोलावलं होतं. त्यांनी नळीच्या तोंडाला रबरी ट्यूब लावून हळूच दाबली. काटा हलेना.

"पुन्हा बघू, हबीबी."

पुन्हा दाबली. काटा शून्यावर! मी पॅनल उघडलं, एकेक जोड सोडवत सुटलो. साहेबांनी एक चिठ्ठी उचलली. "हे काय लिहिलंय?"

"सर... हिला हात लावू नये."

"मग तू का लावलास?"

सगळे जोड शाबूत! शेवटी मी नळी मागच्या टोकाकडून सोडवली आणि जीव खाऊन फुंकर मारली. नेमके त्याच क्षणी साहेब पुढून तिच्या तोंडात डोकावत होते. फुस्स! साहेबांच्या कपाळावर राख, बुटावर काडी.

"बाबा, इट स्मेल्स लाइक अवर देवघर!" सानिका आनंदाने ओरडली.

साहेबांनी काडी उचलली. "हे काय आहे?"

"प्रेयर, सर."

"कशासाठी?"

खोटं बोलायचं त्राणच उरलं नव्हतं. "माझ्या नोकरीसाठी, सर."

साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. कपाळावर तो अंगारा तसाच घेऊन ते टूलबॉक्सवर बसले. "मग माझ्यासाठीही एक लावायची होतीस, हबीबी. गुरुवारी फोन माझ्या टेबलावर वाजला. खलास."

मेधाने त्यांच्या हातावर कालच्या नारळाचा तुकडा ठेवला. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं. (आणि सांगायला लाज वाटते, पण दुसऱ्याच श्वासाला 'आता आपलं काय?' हेही वाटलं!) पुढे ते विमान खोक्यांत भरून बैरुतला गेलं, माझ्या चिठ्ठ्यांसकट. तिथेही ते कुणी उडवलं नाही. मुळात मराठी चिठ्ठ्या वाचणार कोण?

माझा फोन मात्र वाजला नाही. महिन्याभराने नवे साहेब आले. लिफ्टमध्ये सहज म्हणाले की, त्यांना जुन्या बोटी दुरुस्त करायचा नाद आहे, फक्त वायरिंगचं तेवढं अडतं.

"सर, मला येतं वायरिंग!"

घरी येऊन मेधाला सांगितलं. ती तडक खाली गेली आणि डझनभर केळी घेऊन आली.