गाठोड्याची जागा

ही गोष्ट आधी शालिनीला, माझ्या बायकोला, सांगायला हवी होती. तिला सांगितली नाही, म्हणून मग कोणालाच सांगितली नाही. आता ती गेली, आणि मी तुम्हाला सांगायला बसलो आहे. हे उलटं झालं, मला कळतं. पण गेले काही दिवस मी एका जागी बसूच शकत नाही. या खोलीतून त्या खोलीत जातो, कशाला आलो ते आठवत नाही, परत येतो. पलंगावर पिशवी उघडी पडली आहे. उद्या निघायचं आहे.

पिशवीपासूनच सुरू करतो. नाहीतर सुरूच होणार नाही.

कमी सामानात प्रवास करणारा माणूस, अशी माझी ख्याती होती. वर्ध्याच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल होतो. कुठेही जायचं असो, खांद्यावर एक खाकी पिशवी. दोन सदरे, एक पायजमा, पंचा, दाढीचं सामान. संपलं. सकाळी टपरीवर चहाला भेटणारी मंडळी म्हणायची, "सर तं रुमालात संसार बांधून निघतेत!" मी नुसता हसायचो. पण मला ते आवडायचं — खोटं कशाला बोलू, फार आवडायचं. फलाटावर लोक बॅगा ओढत, पोरांना ओरडत, पाण्याचे कॅन सांभाळत धावायचे, आणि मी हात हलवत उभा असायचो. आपण यांच्यापेक्षा वेगळे आहोत, असं वाटायचं.

शालिनी हिंगणीची, शेतकऱ्याच्या घरातली. तिला जाताना काही ना काही न्यायचं असायचं आणि येताना आणायचं. ती म्हणायची, "तुमची पिशवी म्हंजे झोळी आहे, जी. पाहणाऱ्याले वाटन, बायको जेवाले देत नाई."

काशीला जायचं ठरलं तेव्हा मी एकच अट घातली — दोघांत दोनच पिशव्या. एक तिची, एक माझी. हातात काही नाही, डोक्यावर काही नाही. तिने मान्य केलं. म्हणाली, "चालते. फक्त वाती तेवढ्या संगं राह्यतीन."

वातींबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे काही बायका लाख वातींचा नेम धरतात. आपल्या हाताने लाख वाती वळायच्या आणि तीर्थाच्या काठी तुपात भिजवून एकदम पेटवायच्या. शालिनीच्या आईने हा नेम धरला होता. घरच्या शेतातला कापूस, सरकी हाताने काढलेली, बोटांना राख लावून वळलेली एकेक वात. नेम अर्धा झाला आणि म्हातारी अंथरुणाला खिळली. जाताना लेकीला एवढंच म्हणाली होती, "बाकीच्या तू करजो." शालिनीने केल्या. दुपारची कामं आटोपली की ती दारात मांडी घालून बसायची, कापसाचा पुंजका मांडीवर. मी वर्तमानपत्र वाचायचो. मोजून किती झाल्या हे तिचं तिलाच ठाऊक. आईच्या वाती आणि तिच्या वाती तिने आईच्याच एका जुन्या लुगड्यात बांधल्या. गाठोडं उशीएवढं झालं.

वजन? काहीच नाही. कापसाला कुठलं वजन असतं? पण जागा! तिने आपले कपडे कमी करून पाहिले, तरी तिच्या पिशवीत ते मावेना. कापूस दाबला की दबतो, हात काढला की फुगतो. मग तिने माझी पिशवी उघडली, माझे सदरे एका बाजूला सारले आणि गाठोडं तिच्यात बसवलं. "दाबजा नका," म्हणाली, "मोडतीन." आणि शेजारी किल्ली द्यायला, तुळशीला पाणी घालायचं सांगायला गेली.

मी पिशवीची चेन लावायला गेलो. लागली नाही.

लागली नाही, कारण पिशवीच्या तळाशी माझी तीन पुस्तकं होती. जाड, पुठ्ठ्याची. कमी सामानाच्या माझ्या हिशेबात पुस्तकं कधी धरलेलीच नव्हती. एखादं काढलं असतं तर? मी काढलं नाही. मी गाठोडं काढलं. दिवाणाची फळी उचलली, आत रजयांखाली ते ठेवलं, फळी लावली. चेन लागली. शालिनी परत आली, पिशवीकडे पाहून म्हणाली, "मावलं नं?" मी म्हणालो, "हो."

हा पहिला शब्द. एवढाच असता तर — पण एवढाच नव्हता.

मी काय विचार केला होता? विचार केलाच नव्हता. तिथेही वाती विकत मिळतातच, असलं काहीतरी डोक्यात होतं. काशीच्या लॉजमध्ये तिने माझी पिशवी पलंगावर रिकामी केली. सदरे, पंचा, पुस्तकं. मग स्वतःची रिकामी केली. मग परत माझी. "मी ठेवलं होतं नं, जी? मले पक्कं आठवते."

त्या क्षणी सांगता आलं असतं. ती रागावली असती, रडली असती, दोन दिवस बोलली नसती. मी म्हणालो, "तू काढून ठेवलंस परत. तुझ्या पिशवीत घालते म्हणालीस. देव्हाऱ्याजवळ ठेवलेलं मी पाहिलं."

पाहिलं! पाहा, हा शब्द किती सहज आला. ती पलंगावर बसली. आपल्या हातांकडे बघत राहिली. "मावलं नं, असं मीच तुम्हाले विचारलं होतं नं?" ती हळूच म्हणाली. मी म्हणालो, "तू किल्लीचं विचारत होतीस." संध्याकाळी घाटावर तिने एका मुलीकडून पानाचा दिवा घेतला आणि पाण्यात सोडला. ती तीन पुस्तकं मी त्या प्रवासात उघडलीसुद्धा नाहीत.

घरी आल्यावर ती पाय धुवायला गेली तेवढ्यात मी दिवाण उघडला. गाठोडं देव्हाऱ्याजवळ ठेवलं. ती आली, तिने पाहिलं, आणि तिचा चेहरा — मला वाटलं होतं, सापडलं म्हणून तिला बरं वाटेल. ती घाबरली होती.

"म्हंजे मी खरंच विसरली," ती म्हणाली.

त्या दिवसापासून शालिनी स्वतःवर विश्वास ठेवेनाशी झाली. गॅस बंद करायची आणि मला विचारायची, "बंद केला नं?" कुलूप लावून फाटकापर्यंत यायची आणि परत जायची. भाजीत मीठ घातलं का, हेही मला. भजनी मंडळाच्या बायकांबरोबर ती दरवर्षी कुठे कुठे जायची, ते सोडलं. बायका बोलवायला आल्या तर म्हणाली, "नको वं, मी कुठं काय विसरून येईन, तुमच्या जिवाले घोर." परत काशीला जाऊ, असं मी दोनदा म्हणालो. ती म्हणाली, "आईचं एक काम होतं, तेच विसरली. आता कोण्या तोंडानं जाऊ?" गाठोडं तिने कपाटात वर ठेवलं आणि पुन्हा खाली काढलं नाही.

आणि मी? इथे थांबावंसं वाटतं. उठून पाणी पिऊन आलो. लिहितो.

मला ते आवडू लागलं होतं. आयुष्यभर ती या घराची आठवण होती — कोणाचं लग्न कधी झालं, कुठली वस्तू कुठे आहे, सगळं तिला विचारायचं. आता ती मला विचारत होती. मी शांतपणे सांगायचो, "हो, केलास बंद." लोक म्हणायचे, सर किती सांभाळून घेतात. मी ते ऐकून घ्यायचो.

मुलीच्या, ऋतुजाच्या आग्रहाने तिला नागपूरला डॉक्टरांकडे नेलं. तरुण डॉक्टर होता. त्याने तिला शब्द सांगितले, आकडे उलटे म्हणायला लावले, थोड्या वेळाने शब्द परत विचारले. तिला सगळे आले. तो हसून म्हणाला, "काकू, तुमची मेमरी माझ्यापेक्षा चांगली आहे." शालिनी म्हणाली, "तुम्हाले नाई समजत, डॉक्टरसाहेब. मी लई मोठी गोष्ट विसरली आहे." डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्याला वाटलं असेल, नवरा दुःखात आहे.

एकदा तिने सरळ विचारलं. दोघे जेवत होतो. "रागावजा नका, पण खरं सांगा. तुम्ही तं नव्हतं नं काढलं?"

मी ताटावरून उठलो. हात धुतले, बाहेर जाऊन बसलो. एवढ्या वर्षांत हाच विश्वास का, असं चेहऱ्यावर घेऊन बसलो. ती मागून आली, पायरीवर माझ्या शेजारी टेकली. म्हणाली, "चुकलंच माझं. माझं डोकंच असं झालं आता. चला, जेवाले चला." आणि मी तिच्या मागे आत जाऊन जेवलो.

ती आजारी पडली ते वेगळ्याच आजाराने. शेवटपर्यंत तिला सगळं आठवत होतं, औषधांच्या वेळासुद्धा. तरी प्रत्येक गोळीआधी विचारायची, "घेतली का मी?"

अस्थी इथे धाम नदीत सोडल्या. थोड्या काशीसाठी राखल्या आहेत. ऋतुजा पुण्याहून आली आहे, ती सोबत येते आहे. आज दुपारी मी कपाटातून गाठोडं काढलं. तिने विचारलं, "बाबा, हे काय?"

मी म्हणालो, "आजीच्या वाती आहेत, आणि आईच्या. तेव्हा आई न्यायची विसरली होती."

ती म्हणाली, "आई बिचारी. फार विसरायला लागली होती नं?"

मी "हो" म्हणालो. आज. चार-पाच तास झाले असतील.

ती बाजारात गेल्यावर मी तीच खाकी पिशवी काढली. दोन सदरे, पायजमा, पंचा. वर गाठोडं ठेवलं आणि चेन ओढली. लागली. पुस्तकं नाहीत म्हणून लागली असेल, असं वाटलं. म्हणून ती तीन पुस्तकं मांडणीतून शोधून आणली आणि तळाशी घातली. तरी लागली. इतक्या वर्षांत कापूस बसला असेल, म्हणून गाठोडं बाहेर काढलं, हलवलं, हाताने सैल केलं, होतं तेवढं फुगू दिलं. तेव्हा पुस्तकं तळाशी एकावर एक आडवी होती, ती या वेळी कडेला उभी केली; एवढंच तेव्हा करून पाहिलं नव्हतं. गाठोडं परत ठेवलं. दाबलं नाही.

चेन लागली.