रोजच्यासाठी एक बाटली

घरात रोजच्यासाठी कोणती वाइन ठेवावी, यात माणसाच्या अभिरुचीचा खरा कस लागतो. समारंभाची उंची बाटली कुणीही आणतो. किंमत मोठी असली की निवडीची जबाबदारी किंमतच घेते. स्वस्तातली, तरी चांगली, रोज तोंडाला बरी लागेल आणि महिनाअखेरीलाही परवडेल अशी बाटली हेरायला डोळा लागतो. हा डोळा मी मोठ्या कष्टानं कमावला. कमावताना आणि त्यानंतर आजपर्यंत माझ्या स्वतःच्या पोटात सगळी मिळून चार चमचे वाइन गेली असेल.

गोष्ट हैदराबाद संस्थानातली. जालन्याच्या सरकारी शाळेत मी इंग्रजी शिकवत होतो आणि जुन्या जालन्यात एका मारवाड्याच्या कापडदुकानावरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. घरात तिघं: मी, माझी बायको आणि मला लहानाचं मोठं केलेली विधवा आत्या. त्या वर्षी आमचं पहिलं मूल जन्मतःच गेलं. बायको त्यातून वाचली, पण तिची भूक परत आली नाही. ताटात अर्धी भाकरी घ्यायची, आणि आम्ही बघतोय असं दिसलं की एकच घास तोंडात घोळवत बसायची. पावसाळ्यात भरलेल्या बांगड्या दिवाळीपर्यंत कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

छावणीतून निवृत्त झालेला एक वयस्क डॉक्टर तिला बघायला यायचा. तो म्हणाला, "मास्तर, दवा मी देतो. पण पोटात अन्न गेलं पाहिजे. जेवणाआधी अर्धी वाटी लाल वाइन द्या, रोज, बिलानागा, एकही दिवस न चुकवता. भूक उघडेल."

"आमच्या घरात ते चालत नाही," मी म्हटलं.

"मग घराला पाजू नका. बाईंना पाजा."

स्टेशनजवळ एका म्हाताऱ्या पारशाचं दुकान होतं. रेल्वेचे आणि कापसाच्या जिनिंगचे साहेब तिथून बिस्किटं आणि बाटल्या न्यायचे. शाळेतली शेरवानी आणि तुर्की टोपी तशीच अंगावर ठेवून मी तिथं गेलो, म्हणजे सरकारी कामासाठी आल्यासारखं दिसावं. पारशी म्हणाला, "मास्तर, ये पोर्ट ले जाव. साहेब लोग येच पीते."

"साहेब लोगांच्या तब्येतीची काय तक्रार?"

"कुछ नहीं. इसलिए पीते."

पोर्ट गोड होती, पण महाग होती. महिन्यातून एकदा आणली तर आणली. फ्रान्सची पातळ तांबडी मधल्या भावाची. आणि गोव्याकडून मुंबईमार्गे आलेली एक लाल, जिच्यावर चिठ्ठीही धड नसायची, ती मास्तराला परवडणारी. मात्र तिच्यात बाटली-बाटलीत फरक असायचा. म्हणून शनिवारी शाळा अर्धी सुटली की मी जायचो आणि एकेक बाटली दारातल्या उन्हात धरून बघायचो. तळाशी गाळ हलला तर परत. बुचाखालून ओल आली असेल तर परत. दर्शनी कपाटात ऊन खात उभी असलेली तर बघायचीही नाही. मोठी बाटली स्वस्त पडते, पण एकदा फोडली की आमच्याकडच्या हवेत चार दिवसांत आंबते. म्हणून लहान घ्यायची. हे काही मी पुस्तकात वाचलं, काही त्या पारशानं कंटाळून सांगितलं. बाटली आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओलं राहतं, हे पुस्तकात होतं.

पहिली बाटली मी रांजणाखालच्या ओल्या वाळूत आडवी पुरली. संध्याकाळी बघतो तर ती उभी.

"आत्या, ती आडवी असू दे."

"आडवी पडलेली बाटली कुणाच्या घरी असती, ठावं हाय ना तुला?" आत्या म्हणाली. "औषध म्हणतोस ना? मंग औषधावानी उभी राहू दे."

बाटली शेवटपर्यंत उभीच राहिली. पण आत्यानं ती घरात राहू दिली, रोज संध्याकाळी स्वतःच्या हातानं वाटी भरून बायकोपुढं ठेवायला लागली, यातच मला एवढं आश्चर्य वाटलं की आडवीचा हट्ट मी सोडून दिला. संध्याकाळी मी शिकवणीला जात असे. परत आलो की हातपाय धुण्याआधी विचारायचो, आजची कशी आहे?

बायको विचार करून सांगायची. "ही जरा चिंचेवानी हाय." किंवा, "ही बरी. जांभळावानी." ती शहागडची. एकदा नवी बाटली उजेडात धरून म्हणाली, "आमच्याकडं गंगेला पूर आला की पाणी असंच दिसतं." शहागडला गोदावरीला गंगाच म्हणतात. मी तिची मतं एका जुन्या उत्तरपत्रिकेच्या मागे टिपून ठेवायचो आणि त्यावरून पुढची निवड करायचो. जांभूळ आलं त्या आठवड्यात ती पाऊण भाकरी खायची, असं मला दिसलं. मी पारशाला जांभळासारखी मागायला लागलो. तो माझ्याकडे बघायचा आणि हाताला येईल ती द्यायचा.

असे आठ महिने गेले. मग संस्थानच्या हुजुरांच्या वाढदिवसाची सालगिरह आली. पोरांना उन्हात तासभर उभं केलं, दुवा म्हटली, बत्तासे वाटले, एकाला चक्कर आली, आणि राज्याची भरभराट झाल्याचं जाहीर होऊन शाळा सुटली. शिकवणीही नव्हती. मी उजेडीच घरी आलो.

जिन्यातच वास आला. द्राक्षं, सुंठ, गूळ. आत्या चुलीपुढे बसली होती. कल्हईच्या पातेल्यात काहीतरी तांबडं रटरटत होतं आणि शेजारी माझी अर्धी झालेली बाटली होती.

"हे काय, आत्या?"

"तुझं औषध. काढा करून राह्यले."

"रोज करतेस?"

"पैल्या दिवसापासून. बाहेरचं काही विस्तवावर चढल्याबिगर या घरात कधी कुणी तोंडाला लावलंय? दूध असो का पाणी असो."

"अगं, उकळल्यावर त्यातलं सगळं उडून जातं."

"काय उडून जातं?"

"दारू."

"मंग बराबरच करून राह्यले की."

मी आतल्या खोलीत गेलो. बायको भिंतीला टेकून बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग ते चिंच आणि जांभूळ काय होतं?"

"गूळ कमी पडला की चिंच," ती म्हणाली. "जास्ती पडला की जांभूळ."

"मला सांगायचं नाही?"

"तुम्ही इतक्या लांबून उन्हाचं आणायचे. आल्या आल्या विचारायचे. मला काहीतरी सांगणं भाग होतं ना." मग हळू आवाजात, "आन् आत्याबाईंना काय म्हणू? जल्मात पैल्यांदा त्या दारूला शिवल्या. माझ्यापायी."

मी डॉक्टरकडे गेलो. त्यानं चष्मा काढून पुसला. "आठ महिने?" म्हणाला. "आता कच्ची द्या." मी विचारलं, आधीपासून कच्ची दिली असती तर फरक पडला असता का? तो म्हणाला, "मास्तर, तुम्ही शिकलेले आहात. असले सवाल करू नका."

दोन दिवस तिनं कच्ची घेतली. पहिल्या घोटाला अंगावर शहारा आला, दुसरा घोट तिनं तोंडातच धरून ठेवला, मग माझ्याकडे बघून गिळला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आत्याबाईंचंच बरं होतं. ऊन ऊन तरी असायचं." आत्यानं पातेलं चुलीवर चढवलं.

पुढच्या शनिवारी मी दुकानात गेलो. उकळायचीच आहे म्हटल्यावर गाळाची, ओल्या बुचाची, कुठलीही चालली असती. पारशानं सगळ्यात स्वस्त एक पुढं सरकवलीही. मी ती दारात नेली, उजेडात धरली. तळाशी गाळ हलला. मी ती परत केली आणि दुसरी घेतली.

माघ लागला तेव्हा बायको उठून बसेनाशी झाली. आत्या चमच्यानं काढा पाजायची. एका संध्याकाळी मी सवयीनं विचारून गेलो, आज कशी आहे?

"आज कशाचीच चव न्हाई," ती म्हणाली.

आत्यानं त्या दिवशी गूळ दुप्पट घातला होता.

आठ दिवसांनी बायको गेली. शहागडला तिची रक्षा सोडायला मी आणि तिचा भाऊ गेलो. पाणी स्वच्छ होतं, तळ दिसत होता.

शेवटची बाटली अर्धी राहिली. ती ओतून द्यायचं ना मला सुचलं, ना आत्याला. पुढं वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी आत्यानं भांडी घासायला काढली. घरात चिंच संपली होती. तिनं रांजणाखालची बाटली काढली, बूच उघडून हुंगलं, आणि मला म्हणाली, "आंबली."

तांब्याच्या दोन्ही घागरी तिनं त्याच्यानं घासल्या. चिंचेपेक्षा लवकर उजळल्या.