गेंड्याची सोयरीक

मित्रहो, सुट्टीवर अकोल्यात आईकडे आलेय. माझं काम गेंड्यांच्या शेणातून डीएनए तपासण्याचं.

आज सकाळी आसामातून साहेबांचा फोन आला. एक नर दुसऱ्या जंगलात सोडायची सगळी तयारी झाली होती. मी त्यांच्या डीएनएचा अहवाल उघडला, तर तिथल्या दोन्ही माद्या त्याच्याच बापाच्या लेकी निघाल्या!

"हा नर तिथं नको. पिल्लं कमजोर होतील," मी सांगितलं. साहेब चिडले, पण मी हटले नाही. दुपारी त्यांनीच दुसरा नर ठरवला.

आई सगळं ऐकत होती. "म्हणजे तू गेंड्यायच्या सोयरिकी जुळवून राहिली! मंग पयला बिचारा एकलाच राहीन का?"

"नाही वं आई, त्याच्यासाठी बी दुसरं जंगल पाहून राहिलो आमी."

तुमचं काम घरच्यांनी कधी असं एका शब्दात सांगितलंय?