पट्टा डिकीत होता

भुताखेतांच्या गोष्टी मी करमणूक म्हणून वाचतो. विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. जे घडलं ते फक्त सांगतो... पटलं नाही तर सोडून द्या.

नव्वद सालानंतर दोन-तीन वर्षांनीची गोष्ट असेल. बोईसरला एमआयडीसीतल्या एका गॅरेजमध्ये मी गाड्यांच्या एसीचं काम करायचो. एसीवाल्या गाड्या तेव्हा मोजक्याच, कारखान्यांच्या साहेबांच्या. आमची एक सवय होती – एसी चालू असला की त्याच्या पाइपखाली कॅन ठेवायचा. हवेतला दमटपणा थंड कॉइलवर जमून जे पाणी टपकतं ते अगदी स्वच्छ. बॅटरीत घाला, रेडिएटरमध्ये घाला. नळावर कॅन भरायला आमच्यातला कोणी जात नसे.

मे महिन्यात मनोरहून एक गाडी आणायची होती. कॉम्प्रेसर जाम झालेला, एसी चार दिवस बंद. मी कॉम्प्रेसरचा पट्टा काढून डिकीत टाकला, रिकामा कॅनही टाकला आणि निघालो. एसी बंद म्हणजे वाटेत पाणी मिळणार नाही, हे डोक्यातच आलं नाही!

वाघोबा खिंडीच्या अलीकडे रस्त्यात एक माणूस आडवा उभा राहिला. लहानू त्याचं नाव. सावलीत डोली टेकवलेली, डोलीत त्याची बायको.

"कालपासून कळा येतात तिला. पालघरला नेशील का?"

डोलीला खांदा देणारा दुसरा गडी माघारी गेला. नवरा-बायकोला मागे बसवलं आणि चढ लागल्यावर जोरात दामटली. अर्ध्या चढावर तापमानाचा काटा लाल खुणेवर गेला, बॉनेटमधून वाफ. दुपारचे दोन वाजले असतील. दोन ट्रकना हात केला, पण त्या चढावर कोण थांबतो? बाई आता ओरडतही नव्हती, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

बॉनेट उघडून इंजिन थंड व्हायची वाट बघत होतो, तेवढ्यात आवाज आला – टप... टप. वाकून बघितलं. एसीच्या पाइपातून पाणी पडत होतं. मी आधी डिकी उघडली. पट्टा तिथेच होता, आणि पट्ट्याशिवाय एसी चालूच शकत नाही. रेडिएटर फुटला असेल म्हणून हात लावला, तर पाणी बर्फासारखं गार आणि नितळ. रेडिएटरचं पाणी असं नसतं.

विचार करायला वेळ नव्हता. कॅन खाली सरकवला. एरवी पेलाभर पाण्याला अर्धा तास लागतो. इथे वीस मिनिटांत दीड-दोन लिटर जमलं. कॅन उचलला तशी आतून बाई म्हणाली,

"दादा, घोटभर पानी दे."

"हे प्यायचं नाही," मी म्हणालो. "गाडीला लागेल सगळं."

 लहानूने ओंजळ पुढे केली होती, ती मागे घेतली. मी सगळं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं आणि कॅन परत पाइपखाली ठेवला... पाणी थांबलं होतं. पाच मिनिटं वाट पाहिली. एक थेंब नाही.

गाडी पालघरच्या दवाखान्यापर्यंत पोचली. तासाभराने मुलगी झाली, दोघी सुखरूप. गॅरेजमध्ये आल्यावर मी पूर्ण एसी खोलला. कॉइल कोरडी खडखडीत, वर धुळीचा थर. मालक म्हणाला, "उन्हात भ्रम झाला असेल." असेलही. पण मग रेडिएटर कशाने भरला?

पंधरा दिवसांनी लहानू गॅरेज शोधत आला, फडक्यात करवंदं बांधून. दारातल्या एका साहेबांच्या गाडीखाली पाणी टपकत होतं. ते बघून तो हसला.

"ही बी देते पानी."

त्याच्या दृष्टीने गाड्या पाणी देतातच, त्यात नवल काय. मी त्याला पट्ट्याचं काही सांगितलं नाही. बायको कशी आहे, विचारलं.

"बरी हाय. तिला तेवढं इचारायचं व्हतं," तो म्हणाला, "ते पानी इखारी असतं का?"

विषारी नसतं. गॅरेजमध्ये आम्ही कितीदा प्यायलो होतो. मी "नाही" म्हणालो असतो, तर तिला तेव्हा का दिलं नाही, ते सांगावं लागलं असतं. मी "हो" म्हणालो.

ते पाणी कुठून आलं? लोक मला तेवढंच विचारतात.