दातावर दात

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आणि तिनं आरशासमोरून उठायचंच सोडलं. तिचा वरचा सुळा शेजारच्या दातावर चढलेला होता. हसताना हात आपोआप तोंडाशी जायचा. पिरंगुटच्या बाजारात एका दवाखान्यात तिला सांगितलं, पुढचे चार दात घासून बारीक करू, वर टोप्या बसवू, आठवड्यात काम होईल. ती हुरळून आली. मला मात्र ते पटेना. दात किडलेले नव्हते, दुखत नव्हते. मग घासायचे कशाला?

आई म्हणाली, "लगीन तोंडावर आलंय. उगं खोडा घालू नगंस."

तरी मी दुसऱ्या दिवशी धाकटीला स्कूटीवर बसवून पुण्याला नेलं. आपण हिचं नुकसान तर करत नाही ना, असं मला प्रत्येक सिग्नलला वाटत होतं.

तिथल्या डॉक्टरबाई दात सरळ करण्याचंच काम करायच्या. मी त्यांना पिरंगुटचा सल्ला सांगितला आणि न राहवून विचारलं, "तुमचं शिक्षण वेगळं असतं का?"

त्या रागावल्या नाहीत. "पाच वर्षांत दातांचा डॉक्टर होता येतं. त्यानंतर तीन वर्षं मी फक्त हेच शिकले, दात आणि जबडा कसे सरकवायचे." एक्स-रे उजेडासमोर धरून त्या म्हणाल्या, "दात हाडातून सरकतो. घाई केली तर मूळ झिजतं. तारा लावून दीड वर्ष तरी लागेल."

"दीड वर्ष?" धाकटी रडायलाच लागली. "ताई, लग्नात तारा घालून उभी राहू?"

"घासलेला दात परत येत नाही," बाई एवढंच बोलल्या.

बाहेर येऊन धाकटीनं होणाऱ्या नवऱ्याला फोन लावला. मी लांब जाऊन उभी राहिले. बऱ्याच वेळानं ती आली.

"काय म्हणाला?"

"म्हणला, दात तुझं हायेत, तूच ठरव."

तिनं तारा लावल्या. लग्नात सासरची एक बाई कुजबुजली, "नवरीच्या तोंडात काय गं ते?" मी जागच्या जागी तापले. धाकटीनं तिच्याकडे वळून तोंड उघडून दाखवलं.

पुढे तारा निघाल्या, सुळा ओळीत आला. आता रात्री प्लास्टिकची पट्टी लावायची असते, नाहीतर दात पुन्हा सरकतात. मी फोन करून विचारत राहते. ती वैतागते.

"लावलीय गं ताई, ठेव आता!"