सहाव्या मुद्द्याला आलेलं उत्तर

मार्चचा दुसरा रविवार, सकाळी साडेनऊ. ठिकाण — पांढुर्ण्यातलं आमच्या घराचं अंगण. हजर — मी. माझे मिस्टर अरविंद. सौंसरहून आलेला माझा धाकटा भाऊ दिलीप. आणि बॉनेट उघडून उभी असलेली बाबांची गाडी. गैरहजर — बाबा. ते एकोणीस दिवसांपासून नागपूरच्या दवाखान्यात.

हजेरी आधी लिहिली, कारण पुढचं सगळं अंगणात किती माणसं होती यावरच अवलंबून आहे.

या ग्रुपवरचे भुताखेताचे अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे… खरं सांगायचं तर गंमत म्हणून. पैंजणांचा आवाज, दारावरची थाप, आरशातली बाई — प्रत्येक वेळी मला एकच प्रश्न पडतो, की या लोकांनी आधी खिडकी नीट लागते का ते तपासलं होतं का? शाळेत परीक्षा विभाग माझ्याकडे आहे. वीस वर्षांत एकही उत्तरपत्रिका हरवलेली नाही. कारण मी यादी करते आणि यादीवर खूण केल्याशिवाय पुढे जात नाही. अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. अजूनही आहे असं म्हणणार नाही. जे झालं ते फक्त क्रमाने लिहिते.

यादीची सवय बाबांची. चाळीस वर्षं त्यांनी सौंसर-मोहगावच्या संत्र्याच्या बागांमधली ऑईल इंजिनं आणि पंप दुरुस्त केले. त्यांची पद्धत ठरलेली होती. काम संपलं की एकाने मुद्दे मोठ्याने वाचायचे आणि ज्याने हात लावला त्याने उत्तर द्यायचं — "झालं" किंवा "नाई झालं". लहानपणी सुट्टीत आम्ही दोघं त्यांच्यासोबत जायचो. मी वाचायचे, दिलीप उत्तरं द्यायचा. "नाई झालं" म्हटल्यावर बाबा कधी रागावले नाहीत. न करता "झालं" म्हटलं, तर मात्र अख्खं इंजिन परत खोलायला लावायचे.

त्या बाबांची वाचा गेली. अर्धांगाचा झटका, उजवा हात लुळा. डॉक्टर म्हणाले, "त्यांना सगळं समजतं, पण शब्द बाहेर येत नाहीत. येतील की नाही, आत्ता सांगता येणार नाही." सोमवारी त्यांना सुट्टी मिळणार होती. दिलीपच्या बायकोने, सुनीताने, ॲम्ब्युलन्सची गोष्ट काढली तर बाबांनी डाव्या हाताने उशी फेकली आणि रडायला लागले. तिथल्या टेबलावर दिलीपने ठेवलेली गाडीची किल्ली होती. ती त्यांनी छातीशी धरली. म्हणजे ठरलं — घरी यायचं तर आपल्या गाडीतूनच.

गाडी दहा वर्षांची. तिचं सगळं आजवर बाबाच करायचे. या वेळी कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, बदलायची वेळ झाली होती, म्हणून गुरुवारी दिलीपने सौंसरला घरीच बदललं. शनिवारी तो मला सोबत न्यायला गाडी घेऊन आमच्याकडे निघाला, तर मोहगावच्या पुढे तापमानाचा काटा लाल पट्ट्याला टेकला. थांबून, गार करून, पाणी घालून, पुन्हा थांबून… चाळीस किलोमीटरला तीन तास लागले त्याला.

आणि सोमवारी याच गाडीत आजारी माणूस बसवायचा होता. उन्हाळ्यात, नागपूर ते सौंसर.

रात्री मी नऊ मुद्द्यांची यादी केली. अरविंदला असल्या कामांत गती नाही, तो टॉर्च धरायला आणि टोमणे मारायला.

"दिलीपराव, तुमच्या ताईनं गाडीचं वेळापत्रक काढलं बरं का. पास झाली तरच उद्या हॉल तिकीट."

"हासा तुम्ही भाऊजी," दिलीप म्हणाला, "मी सकाळी सहापासून करून राहिलो."

इंजिन पूर्ण थंड होतं. मी वही उघडली.

"एक. रेडिएटरमधलं पाणी काठोकाठ?"

"झालं."

"दोन. वरचा पाईप, खालचा पाईप, क्लॅम्प — कुठे ओल?"

"पाहिलं, कोरडं आहे. झालं."

"तीन. टोपणाचं रबर?"

"नवीन टाकलं. झालं."

चार, फॅन. तारा जोडून फिरवून दाखवला. पाच, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की उघडणारी झडप. काढून पातेल्यातल्या गरम पाण्यात बुडवला होता, उघडला. (पातेलं माझं. ते परत स्वयंपाकघरात येणार नाही, हे मी तिथेच सांगितलं.)

"सहा. हवा काढली?"

"झालं," दिलीप म्हणाला.

"नाई झालं."

आवाज पुरुषाचा. जाड, शांत, जरा घशातला. मोठा नाही… शेजारी उभं राहून बोलावं तेवढाच. बॉनेटच्या पलीकडून आला, असं मला वाटलं. मी अरविंदकडे पाहिलं.

"अरविंद, मध्ये बोलू नको ना."

"मी कुठे बोललो? हा दिलीपच मजाक करून राहिला."

दिलीपच्या हातातला कपडा खाली पडला होता आणि तो उचलत नव्हता.

"काऊन रे? काय झालं?"

"ताई…" तो रेडिएटरकडे बघत होता. "हवा नाई काढली मी. पाच मिनिटं इंजिन चालू ठेवलं अन् टोपण लावून टाकलं. हीटर लावलाच नाई."

"मग 'झालं' कायले म्हणला?"

"तू वही घेऊन उभी राहिली की भेव वाटते ना! बाबाची नाई, तुझी भेव वाटते."

हे ऐकून मला राग यायला हवा होता. आला नाही. मी एवढंच विचारलं, "आत्ता कोण बोललं?"

"तुले माहीत नाई?" दिलीप म्हणाला.

आवाज कुणाचाही असो, मुद्दा बरोबर होता. बदलताना आत अडकलेली हवा कूलंटला फिरू देत नाही. बागेतला पंप हवा धरतो, तसंच. दिलीपने आणलेल्या कॅनमध्ये दीड लिटर उरलेलं होतं. जुनं जेवढं निघालं तेवढं नवीन आत गेलंच नव्हतं, हे त्यावरूनच कळायला हवं होतं. त्यात आमच्या अंगणाचा उतार घराकडे. गाडीचं नाक खाली, म्हणजे हवा मागे, हीटरच्या जाळीत बसलेली.

गाडी बाहेर काढली, उलटी आत घेतली. नाक वर. टोपण उघडं ठेवून इंजिन चालू केलं, हीटर पूर्ण गरमवर. दिलीप जाड कपडा धरून वरचा पाईप दाबत-सोडत राहिला. गुडगुड आवाज करत बुडबुडे यायला लागले, पातळी खाली जायला लागली, मी वरून ओतत राहिले. वीस मिनिटांनी बुडबुडे थांबले. हीटरची हवा कोमट.

मी मुद्दामच पुन्हा वाचलं. "सहा. हवा काढली?"

दिलीपने माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, पण त्याच्या आधीच —

"नाई झालं."

या वेळी अरविंदच्या हातातला टॉर्च निसटला. इंजिन चालू होतं तरी शब्द स्वच्छ ऐकू आले. तिघांनाही. दिलीप परत वाकला आणि पाईप दाबायला लागला. चार-पाच मिनिटं काहीच नाही. मग एकदम आतून एक मोठा बुडबुडा आला, कूलंट उसळून त्याच्या शर्टावर उडालं आणि पातळी वीतभर खाली गेली. कॅनमध्ये होतं तेवढं सगळं आत गेलं. हीटरमधून भाजेल अशी हवा. मग फॅन आपोआप सुरू झाला, आपोआप बंद झाला.

तिसऱ्यांदा मी विचारलं. दिलीप म्हणाला, "झालं." आम्ही थांबलो. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला, तेवढंच.

सात, आठ उरकले. नऊ — तिगावपर्यंत जाऊन येणे. काटा मध्यावर, जाताना-येताना हलला नाही.

आता मी जे तपासलं ते. तिघांचे फोन घरात होते, त्या वेळेत एकही कॉल नाही. गाडीचा टेप बंद. गाडीच्या बॅटरीची तार फॅन पाहून झाल्यावर मीच काढली होती, ती इंजिन चालू करायच्या वेळी लावली. डावीकडचे शेजारी लग्नाला गेलेले, उजवीकडे मोकळा प्लॉट. मी स्वतः कंपाउंडला चक्कर मारून आले. अरविंद म्हणतो, तुम्ही दोघं बाबांच्या काळजीत होता, मनानेच ऐकलं असेल. मी म्हटलं, मग तू काय ऐकलं? त्यावर तो विषय बदलतो. आणि हेही खरं, की तो आवाज आला नसता तरी तिगावच्या फेरीत दोष कदाचित कळलाच असता. मी वाढवून सांगत नाही.

दुपारी सुनीताला फोन केला. "सकाळी दहाच्या सुमाराला बाबा काही बोलले का?"

"नाई ताई. झोपून होते. काऊन?"

"काही नाही," म्हटलं.

सोमवारी बाबा घरी आले. पुढच्या सीटवर बसून, सावनेरच्या पुढे काच खाली करून. काट्याकडे त्यांनी दोनदा पाहिलं, मी मागून मोजलं.

दिलीपला शंकाच नाही. "बाबाचाच आवाज होता ताई. म्हणजे वाचा आहे. वापस येईन." रोज सकाळी तो त्यांच्याशी अर्धा तास बोलतो. अजून एक शब्द आलेला नाही. मात्र बाबा आता हो-नाही नीट सांगतात. हो असेल तर मान, नाही असेल तर डावा हात. दिलीप म्हणतो, मग तूच विचार, तू मोठी.

विचारायचं काय, ते माझ्या वहीत लिहिलेलं आहे — त्या दिवशी अंगणात तुम्हीच बोललात का? दर रविवारी मी सौंसरला जाते. गेल्या रविवारी खुर्ची ओढून अगदी त्यांच्या समोर बसले, वही मांडीवर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे, आणि वाट पाहत राहिले.

मी विचारलं, "बाबा, चहा घेता का?"

त्यांनी मान हलवली. मी चहा ठेवायला उठले. वहीतली ती ओळ न विचारताच पुढच्या रविवारच्या पानावर उतरवली आहे. असं करायचा हा चौथा रविवार.