तापीला आणायला गेलेली जिजी

जिजीची आणि माझी शेवटची बोलाचाली दशम्यांवरून झाली. फाल्गुनातली सकाळ होती. ती ओसरीवरच्या खाटेवर दोन गोधड्यांना टेकून बसली होती, दम लागत होता, आणि तरीही मला बजावत होती की यंदा दशम्यांच्या पिठात दूध जास्त घाल, गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशी वातड झाल्या होत्या. मी म्हणाले, "जिजी, आखाजीला अजून दीड महिना आहे. आधी औषध घ्या." तर म्हणाली, "दवा तूच पी. मन्ही गाडी चुकाले नको." मी फणकारून शेतात भाकरी द्यायला निघून गेले. परत आले तोवर जिजी गेली होती... आता पाच आठवडे होतील. भेटायला येणाऱ्या बायका अजून ओसरीवर बसून "बिचारी, काय सुख पाहिलं तिनं" म्हणतात, आणि मला दर वेळी राग येतो. माझी नणंद बिचारी नव्हती. ती जिंकून गेलेली बाई होती. ते कसं, हे सांगण्यासाठीच पुरवणीच्या वाचकांपुढे हा कागद घेऊन बसले आहे.

तिचं खरं नाव दगूबाई. तिच्या आधीची दोन मुलं दगावली, म्हणून हिला दगडाचं नाव दिलं, आणि नाव तिने सार्थ केलं. सारंगखेड्याच्या वरच्या अंगाला, तापीच्या काठावर आमचं गाव. नवव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि पुढे नहाण आल्यावर ती शहाद्यापलीकडे नांदायला गेली. आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, हा लेकींचा सण. भाऊ गाडी जुंपून बहिणीला आणायला जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात, आणि मग महिनाभर निंबाच्या झाडाला झोके नि गाणी. पण त्या वर्षी एका लग्नात पागोट्याच्या मानावरून दादांचं, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचं, जिजीच्या सासरच्यांशी वाजलं. दादा हट्टाने पहिल्या आखाजीला गेले नाहीत. दुसऱ्या वर्षी गेले नाहीत. तिसऱ्याही नाहीत. जिजी दाराआड बसून रस्त्यावरच्या बैलांच्या घुंगरांकडे कान लावायची, हे तिने मला एकदाच, शेंगा फोडता फोडता सांगितलं होतं. चौथ्या वर्षी ती माहेरी आली, पण कपाळ पुसून, कायमची. सासरच्यांनीच गाडीत बसवून दिली. दादा नि ती त्यानंतर एका छपराखाली राहिले, एका चुलीवरचं जेवले, पण त्या तीन आखाजींचा शब्द दोघांनी कितीतरी वर्षं काढला नाही.

मी धुळ्याची, सात इयत्ता शिकलेली, आणि लग्न होऊन आले तेव्हा त्या सात इयत्तांचा मला फार तोरा होता. जिजी मला नावाने कधी हाक मारायची नाही, "धुयेवाली" म्हणायची. एका उन्हाळ्यात दादांचा कापूस घेणारे सुरतेचे व्यापारी सहकुटुंब मुक्कामाला आले. त्यांची बायको सांगत होती की उन्हाळ्यात आम्ही डुमसला समुद्रावर हवा खायला जातो, तिथेच तुमची तापी समुद्राला मिळते. पाहुणे गेल्यावर जिजीने मला विचारलं, डुमस किती लांब? मी माझं भूगोलाचं ज्ञान पाजळलं. दोंडाईच्याला सकाळी आगगाडीत बसलं की संध्याकाळी सुरत, आणि तिथून बैलगाडीने डुमस. जिजी बघतच राहिली. जन्मभर जी नदी दारावरून जाताना पाहिली, तिचं सासर, म्हणजे समुद्र, काशीच्या पलीकडे कुठेतरी असेल असं ती धरून चालली होती. "इतलं जवय?" एवढंच म्हणाली आणि उठून गुरांना पाणी दाखवायला गेली.

महिनाभराने कळलं की ती गप्प नव्हती, बेत करत होती. गावातल्या कोणकोणत्या घरी आखाजीला मुऱ्हाळी येत नाही, हे तिला तोंडपाठ होतं. कोणाचं माहेर प्लेगात उठलेलं, कोणाचे भाऊ भांडलेले, कोणी विधवा, तर कोणी इतकी म्हातारी की आणायला येणारंच कोणी उरलं नाही. अशा सहा जणी तिने गाठल्या. सातवी मी, कारण माझे वडील त्या वर्षी गेले होते आणि एकुलता भाऊ नोकरीसाठी लांब मुलखात. आठवी ती स्वतः. समुद्रावर तीन दिवस राहायचं, कोणाच्या दारी हात पसरायचा नाही, आखाजीच्या आदल्या दिवशी परत. आणि एवढ्यावर ती थांबली नाही. "पहिले आठेच ऱ्हाई दखूत," आधी इथेच राहून बघू, म्हणून तिने आम्हा आठ जणींना घरापासून अर्ध्या कोसावर, तापीच्या वाळूत, टरबुजाच्या वाडीशेजारी दोन दिवस मुक्कामाला नेलं. घर दिसतंय, घरची कुत्री भुंकलेली ऐकू येताहेत, आणि आम्ही पाल ठोकून परगावी आल्यासारख्या बसलो आहोत! पहिल्या दिवशी वाऱ्याने चूल पेटेना, मग जिजीने वाळूत खड्डा करून चूल लावली. पिठात वाळू गेली, म्हणून पुढे पीठ पिशवीतच मळायचं ठरलं. कोण घोरते, कोणाला उठल्याबरोबर चहा लागतो, सगळं तिने हेरून ठेवलं. गावातले पुरुष तमाशा बघायला यावं तसे काठावर उभे राहून हसत होते. आम्हीही त्यांना हसत होतो. लग्नानंतर मी इतकी पोट धरून कधी हसले नव्हते.

गोष्ट दादांच्या कानावर जायचीच. ते ओट्यावर बसून पागोटं बांधत होते. जिजीला बोलावून म्हणाले, "हाई काय चाली ऱ्हायनं? हवा खावाले जाशात? घरमा भाकर कमी पडनी का?" मी दाराआड. दादा नाही म्हणाले की आमच्याकडे विषय मिटला. त्यांच्या नाहीवर उरलेल्या सहाही घरांचं नाही ठरणार होतं.

जिजी म्हणाली, "हवा खावाले नही, भाऊ. आखाजीले समद्यासन्या पोरी येतस. तापीले लेवाले कधी कोनी गयं का?" लेवाले, म्हणजे आणायला.

"तापी माय शे. पोर कशी व्हई?"

"माय बी कोनी तरी पोर शेच ना?"

दादा जरा हसले. म्हणाले, नदी कधी माघारी येते का? तेव्हा जिजी खाली बघत, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "कोनी गयंच नही, ते येई कशी?" मग थोडं थांबून, "मी बी तीन आखाजी वाट दखी..."

दादांचे हात पागोट्यावर थांबले. एक वेढा सुटून खांद्यावर आला, तो त्यांनी तसाच राहू दिला. मग ते उठले आणि अर्धवट बांधलेल्या पागोट्यानेच मळ्यात निघून गेले. जायच्या दिवशी पहाटे आमच्या दारात दोन गाड्या जुंपलेल्या उभ्या होत्या. बैलांच्या गळ्यात, आणायला जाताना बांधतात ती घुंगरं होती. दादा कुठे दिसले नाहीत.

प्रत्येकीबरोबर पाण्याने भरलेली एकेक तांब्याची कळशी होती. लेकीच्या सासरचं पाणी प्यायचं नाही ही आपली रीत, म्हणून जिजीने तापीचं पाणी सोबत घ्यायला लावलं होतं. मी फार वाद घातला. सुरतेला विहिरी नाहीत का, लोक हसतील, गाडीत चढू देणार नाहीत. माझं कोण ऐकतो! दोंडाईच्याला तिकीट बघणाऱ्या बाबूने आठ कळशा पाहून कपाळाला हात लावला. जिजीने त्याला लेकीकडे निघाल्याचं सांगितलं, तसा तो बिचारा स्वतः वाकून कळशा बाकाखाली सरकवू लागला. नंदुरबार गेलं, नवापूरचं जंगल गेलं, आणि आठही जणी खिडकीला अशा चिकटल्या होत्या की उतारूंना बाहेरचं काही दिसलं नसेल.

डुमसला धर्मशाळेत उतरलो. मी जिजीचं लक्ष नाही असं बघून विहिरीचं पाणी काढलं आणि तुरीची डाळ शिजत घातली, म्हटलं दाखवूनच देऊ. दोन तास जाळ घातला तरी डाळ टणक ती टणक. विहीर मचूळ होती. शेजारच्या बंगल्यातल्या शेठ लोकांसाठीसुद्धा प्यायचं पाणी लांबून गाडीने येत होतं. जिजीने माझं भांडं पालथं केलं, नवी डाळ घेतली, कळशीचं फडकं सोडून तापीचं पाणी ओतलं, आणि घटकाभरात डाळ मऊ. "धुयेनी शाळामा हाई नही शिकाडं का?" असं सगळ्यांसमोर विचारलं. खारी विहीर तिला तरी कुठे ठाऊक होती? रीत म्हणून आणलेलं पाणी उपयोगी पडलं एवढंच. पण सगळं आधीच माहीत असल्यासारखा तिचा चेहरा होता, आणि मी निमूट जेवले.

समुद्र पाहून बाकीच्या जणी हात जोडून उभ्या राहिल्या. जिजी मात्र अस्वस्थ. एवढ्या पाण्यात आपली तापी कुठली, हे तिला कळेना. सासर फार मोठं आहे, पण पोर कुठे दिसत नाही, असं पुटपुटत ती काठाकाठाने चालत राहिली. दोन दिवस तेच. तिसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी एका कोळणीने तिला हाताला धरून नदीच्या मुखाकडे नेलं आणि बोट दाखवलं. करड्या पाण्यात एक मातकट तांबूस पट्टा लांबवर गेला होता. जिजी चिखलातून गुडघाभर पाण्यात शिरली, वाकली आणि दोन्ही हात त्या पाण्यात घालून उभी राहिली. "हाई मन्ही," म्हणाली. आमच्याकडे वळली तेव्हा तिचा चेहरा... मी तिला तितकी सुंदर त्याआधी पाहिली नव्हती. तिथलंच पाणी तिने रिकाम्या कळशीत भरून घेतलं.

परतलो तेव्हा अख्खं गाव तापीच्या उतारावर होतं. जे हसले होते तेच वाजंत्री घेऊन आले होते. आखाजीला ती कळशी गौराईशेजारी मांडली, झोक्यावर बसवून तिला झोके दिले, आणि माहेरपण झाल्यावर बायकांनी तापीत ओतून तिची पाठवणी केली. ज्या आठ जणींना कोणी न्यायला येत नव्हतं, त्याच त्या वर्षी मुऱ्हाळी होऊन आल्या होत्या. पुढच्या वर्षी अकरा जणी निघाल्या, मग सतरा. युद्धात आगगाड्या खच्चून भरू लागल्या तरी जिजीने एक साल चुकवलं नाही. बैलगाड्या दरवर्षी दारात जुंपलेल्या असायच्या आणि दादा दरवर्षी मळ्यात.

जिजीची राख आम्ही तापीतच सोडली. सत्तरी उलटलेले दादा त्या दिवशी पाण्याकडे बघत बसून राहिले, उठवलं तेव्हा उठले. परवा त्यांनी मला हाक मारून जिजीची कळशी मागितली. मला वाटलं, वर्षाच्या आत गेलेल्या माणसाच्या नावाने आखाजीला घागर भरतात, त्यासाठी हवी असेल. तसं विचारलं, तर म्हणाले, "घागर भरसूत तिन्हा नावनी. पन पहिले लेवाले जानं पडी." मला कळेना. बायका तर जाणारच होत्या, सगळं ठरलेलं होतं. दादा पागोटं नीट करत म्हणाले, "यंदा दगूले मी लेवाले जास."

मी आत गेले, थोडा वेळ चुलीपाशी बसले. मग कळशी चिंचेने घासली. दादांनी सकाळी स्वतः तापीवर जाऊन ती भरून आणली. मी तोंडाला दुहेरी फडकं घालून जिजी मारायची तशी आतून ओढलेली गाठ मारली. गाड्या उद्या पहाटे निघतील. दशम्यांत दूध जास्त घातलं आहे.